भंडारा पांढरा दिसतो तेव्हा

सोमवती अमावस्येला जेजुरीचा गड भंडाऱ्याने पिवळा होतो, आणि त्या दिवशी तिथे भाविकांच्या खालोखाल गर्दी असते ती कॅमेरेवाल्यांची. खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते, मुठी-मुठी हळद उधळली जाते, आणि पायऱ्या, दीपमाळा, फेटे, चेहरे सगळं एका रंगात बुडून जातं. हा रंगीत फोटो आता आपल्याला पाठ झाला आहे. कॅलेंडरवर तो असतो, पर्यटनाच्या जाहिरातीत असतो, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरही असतो. तोच फोटो कृष्णधवल करून पाहिला तर वेगळंच काही घडतं. हळदीचा पिवळा हा मुळात फार उजळ रंग. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पट्टीवर तो जवळजवळ पांढऱ्याला खेटून बसतो. त्यामुळे हवेतला भंडारा धुक्यासारखा दिसायला लागतो आणि त्या धुक्यातून वर आलेले हात, ताणलेल्या मानेच्या शिरा, घट्ट मिटलेले डोळे पुढे येतात. पिवळ्याखाली दबलेली माणसं सुटी होतात. पण ज्याने जेजुरी कधी ऐकलीही नाही, त्याला हे पीठ आहे, धूळ आहे की धूर, ते कळायला मार्ग उरत नाही. जोतिबाच्या डोंगरावर याच्या उलट होतं. गुलाल गडद, रंग काढला की तो काळपट राखाडी होतो आणि चैत्रातली यात्रा भर दुपारी झाकोळून आल्यासारखी दिसते. दोन्हीकडे उधळणच, दोन्हीकडे आनंदच, पण रंग काढल्याबरोबर एक दृश्य उजळतं आणि दुसरं काळवंडतं. रंग काढणं म्हणजे चित्रातून एक थर खरवडून टाकणं, एवढं ते सोपं नाही. दृश्यातलं कोण पुढे येणार आणि कोण मागे जाणार, हेच त्याने बदलतं.

रस्त्यावरच्या छायाचित्रणात रंगीत की कृष्णधवल हा प्रश्न बहुतेक वेळा आवडीनिवडीचा म्हणून सोडून दिला जातो, किंवा ‘मूड’वर ढकलला जातो. या प्रस्तावनेत मला मांडायचं आहे ते असं, की हा प्रश्न आवडीचा नाही. समोरच्या दृश्यात रंग काही काम करतो आहे, की नुसता हजर आहे, एवढंच छायाचित्रकाराने ठरवायचं असतं. काम करत असेल तर तो ठेवावा, नुसता हजर असेल तर त्याला घरी पाठवावं. आणि हे ठरवायचं ते शटर दाबण्याच्या आधी. रात्री संगणकासमोर बसून नव्हे. यातला पहिला भाग बहुतेकांना पटतो. भांडण होतं ते दुसऱ्या भागावरून.

आधी एक जुना गैरसमज बाजूला करावा लागेल. कृष्णधवल म्हणजे कला आणि रंगीत म्हणजे बाजार, असं विसाव्या शतकात बराच काळ मानलं गेलं. यामागे सौंदर्यशास्त्राचा वाटा थोडा होता आणि फिल्मच्या वेगाचा जास्त. कोडॅकची कोडाक्रोम 1935 मध्ये आली. पुढे तिचा वेग वाढून 25 वर गेला, तेव्हाही ट्राय-एक्ससारख्या 400 वेगाच्या कृष्णधवल फिल्मच्या मानाने तिला सोळापट उजेड लागे. याचा रस्त्यावर अर्थ काय होतो ते पाहा. लख्ख उन्हात ट्राय-एक्सवर एक-पाचशेचा शटर ठेवूनही लेन्स 16 च्या आसपास बंद करता येते, म्हणजे चार फुटांवरचा हमाल आणि त्याच्या मागचा अख्खा बाजार दोन्ही स्पष्ट. कोडाक्रोमवर तोच शटर हवा असेल तर लेन्स 4 पर्यंत उघडावी लागते. मग एक तर हमाल तरी स्पष्ट, नाहीतर बाजार तरी. सावलीतल्या गल्लीत तर बोलायलाच नको. चालत्या माणसाचा झटक्यात टिपलेला, पुढून मागपर्यंत स्पष्ट असलेला फोटो ही जी स्ट्रीट फोटोग्राफीची ओळख झाली, ती बरीचशी या गणितातून झाली. आंरी कार्तिए-ब्रेसाँ रंगाला नाक मुरडत असे, पण मासिकांनी मागितला तेव्हा त्यानेही रंगीत काम केलंच. न्यूयॉर्कच्या जोएल मायरोविट्झने साठच्या दशकात गळ्यात दोन कॅमेरे अडकवले, एकात रंगीत फिल्म आणि दुसऱ्यात कृष्णधवल, आणि एकच दृश्य लागोपाठ दोन्हींवर टिपून पाहिलं. असा प्रामाणिक प्रयोग फार कमी लोकांनी केला आहे. शेवटी तो रंगाकडे गेला; रंगात सांगण्यासारखं जास्त असतं, असा त्याचा निष्कर्ष. पण त्याबरोबर त्याची रचनाही बदलली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मंद फिल्ममुळे तो मागे सरकला आणि फ्रेमच्या मध्यावर एक ठसठशीत घटना असण्याऐवजी त्याच्या फोटोंत रस्ताभर लहान-लहान गोष्टी पसरल्या. रंगीत फिल्म घातलेला मायरोविट्झ वेगळ्या ठिकाणी उभा राहत होता.

न्यूयॉर्कच्याच म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 1976 मध्ये विल्यम एगल्स्टनचं रंगीत छायाचित्रांचं प्रदर्शन भरवलं आणि समीक्षकांनी त्याची यथेच्छ टवाळी केली. आज तेच प्रदर्शन रंगाला प्रतिष्ठा देणारं म्हणून सांगितलं जातं. (त्याच संग्रहालयात 1962 साली अर्न्स्ट हासची रंगीत छायाचित्रं लागली होती, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही, इतिहासालाही एकच मुहूर्त लागतो.) आपल्याकडे प्रतिष्ठेपेक्षा खिशाचा प्रश्न मोठा होता. उटीच्या सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स कारखान्याची ‘इंदू’ ही फिल्म कृष्णधवल होती, आणि परदेशी रंगीत फिल्म महाग. त्या काळातल्या भारतीय रस्त्यांची छायाचित्रं कृष्णधवल आहेत म्हणून त्या पिढीची दृष्टी कृष्णधवल होती, असं म्हणणं धाडसाचं ठरेल.

नेमक्या याच मुद्द्यावर रघुबीर सिंग पाय रोवून उभे राहिले. जयपूरला 1942 मध्ये जन्मलेले आणि 1999 मध्ये गेलेले सिंग भारतीय रस्त्यावर आयुष्यभर रंगीत फिल्मच वापरत राहिले. ‘रिव्हर ऑफ कलर’ या 1998 च्या पुस्तकात त्यांनी आपली बाजू सविस्तर मांडली. तिचा मथितार्थ असा, की भारतीय माणूस जग रंगातच पाहतो, लघुचित्रांपासूनची आपली परंपरा रंगाची आहे, आणि कृष्णधवलात जी विषण्णता, जो परकेपणा भरलेला असतो तो पाश्चात्त्य आधुनिकतेचा आहे, आपला नव्हे. हा युक्तिवाद सहज उडवून लावण्यासारखा नाही. एकोणिसाव्या शतकात छायाचित्रण आपल्याकडे आलं तेव्हा स्टुडिओवाल्यांनी त्या फोटोंवर हाताने रंग चढवायला सुरुवात केली. पगडीचा लाल, शेल्याची जर, दागिन्यांचा सोनेरी असं सगळं कुंचल्याने भरून दिलं. गिऱ्हाइकाला राखाडी आजोबा नको होते. आणि सिंग यांची चित्रं पाहिली की युक्तिवादाची गरजही उरत नाही. हावड्याच्या फुटपाथवरचं आरशांचं दुकान त्यांनी 1991 मध्ये टिपलं आहे. त्या आरशांत रस्त्याचे तुकडे दिसतात, आणि खरा रस्ता कोणता व आरशातला कोणता हे डोळा रंगांच्या आधाराने सोडवत जातो. रंग काढला तर ते चित्र नुसता पसारा होईल. मुंबईवरचं त्यांचं पुस्तक 1994 चं. त्यातही दुकानांच्या काचा, जाहिराती आणि माणसं अशीच एकमेकांत शिरलेली आहेत. इथे रंग शोभेला नाही. भिंती त्यानेच उभ्या केल्या आहेत.

तरीही भारताला रंगच शोभतो, हे म्हणणं मला मान्य नाही. परंपरेचाच दाखला द्यायचा तर डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचं वारली चित्र पाहावं. गेरूची भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा, बस्स. तेवढ्यावर लग्न होतं, तारपा वाजतो, शेत लावलं जातं. माणसाची ओळख पटते ती त्याच्या वाकण्यावरून. परंपरा म्हणून इथे लघुचित्रं आहेत तशी हीही आहेत. आणि सिंग यांना गुरू मानणाऱ्या केतकी शेठ यांनी मुंबईचे रस्ते टिपले ते कृष्णधवलात. ‘बॉम्बे मिक्स’ हे त्यांचं पुस्तक 2007 मध्ये आलं, आणि त्यातली मुंबई परकी किंवा विषण्ण आहे असं कुणी म्हणणार नाही. गुरूचा सिद्धांत शिष्येने न बोलता बाजूला ठेवला आणि दोघांचंही काम खणखणीत झालं. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रं कृष्णधवलच ठेवली, आणि त्यामागचं कारण चित्रांत दिसतं. कचऱ्याचा ढीग रंगीत फोटोत भलताच गोजिरवाणा दिसतो. लाल पिशवी, निळी पिशवी, केशरी फुलांचा लगदा, चकाकणारी पाकिटं. डोळा आधी तिकडे जातो आणि कमरेइतक्या घाणीत उतरलेला माणूस दुसरा दिसतो. रंग काढला की प्लास्टिकचा दिमाख संपतो. मग खांद्यावरचा घाम, हातातला खराटा आणि अंगाला चिकटलेला मैला यांचाच फोटो उरतो. इथे रंग हजर होता, पण तो विषयाच्या विरुद्ध काम करत होता.

यावर एक रास्त हरकत येते. दुःखाला कृष्णधवल करणं म्हणजे त्याला सुंदर करणं नव्हे का? माणसाची हलाखी भिंतीवर टांगण्याजोगी होते, पाहणारा हळहळतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. हा धोका खरा आहे. पण रंगाने तो टळतो का, हे तपासायला एक अगदी नेमकं उदाहरण आपल्याकडे आहे. ते रस्त्यावरच्या छायाचित्रणातलं नाही, पण याहून चोख तुलना दुसरीकडे मिळायची नाही. डिसेंबर 1984 मध्ये भोपाळच्या वायुकांडानंतर एका अनोळखी बालकाचं दफन होत असताना रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही तो क्षण टिपला; राय यांनी कृष्णधवलात, बार्थोलोम्यू यांनी रंगात. रंगीत चित्राला त्या वर्षीचा ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ हा सर्वोच्च सन्मान मिळाला, कृष्णधवल चित्र त्या दुर्घटनेची जगभरची खूण झालं. राय यांच्या चित्रात काळ्या मातीतून वर आलेला चेहरा, त्याचे उघडे डोळे आणि कपाळाजवळचा मोठ्या माणसाचा हात एवढंच शिल्लक राहतं; ते बालक कुठल्याही गावचं असू शकतं, आणि म्हणून पाहणाऱ्याला स्वतःचं वाटतं. रंगीत चित्रात माती मातीच्या रंगाची आहे, कातडी कातडीच्या रंगाची आहे, आणि हे अमुक ठिकाणी, अमुक दिवशी, खरोखर घडलं यातून सुटका नाही. एक चित्र शोक करतं, दुसरं साक्ष देतं. माझ्या मते साक्षीची किंमत अशा वेळी जास्त असते, पण राय यांचं चित्र मला त्यासाठी खोटं ठरवता येणार नाही. कृष्णधवल अधिक खोल आणि रंगीत अधिक उथळ, किंवा रंगीत प्रामाणिक आणि कृष्णधवल सजावटी, ही दोन्ही वाक्यं या जोडीपुढे टिकत नाहीत.

कृष्णधवलाच्या बाजूने नेहमी ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘कालातीत’. मला तो दोष वाटतो. रस्ता ही कालातीत गोष्ट नव्हेच. तो फलाण्या साली तसा होता, एवढीच त्याची थोरवी. मुंबईची काळी-पिवळी घ्या. प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, आणि त्या पिवळ्या टपांची नीट नोंद आता फक्त रंगीत फोटोंतच सापडेल. कृष्णधवलात ती काळी-पांढरी गाडी कुठल्याही शहरातली असू शकते. आजच्या रस्त्याचा फोटो कृष्णधवल करून त्याला आपोआप पन्नास वर्षांचं वजन आणणं ही तर सरळ उसनवारी झाली. बघणाऱ्याला गहिवर येतो तो चित्रामुळे की जुन्या फोटोंच्या आठवणीने, हे त्याचं त्यालाही कळत नाही. रात्रीचा नियम मात्र वेगळा. सोडियमच्या दिव्यांखाली रंग जवळजवळ मरतात. निळी साडी आणि काळी साडी सारखीच दिसते, सगळ्यावर एक नारिंगी साय येते. अशा उजेडात कृष्णधवल चित्र काढलं तर फारसं काही गाळलं जात नाही, कारण गाळण्यासारखं तिथे होतंच थोडं. आता त्या दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी आले, आणि रात्रीच्या रस्त्यावर रंग परत आला. हा बदल टिपायचा तर फोटो रंगीतच हवा.

पावसाबद्दलही उलटाच समज रूढ आहे. ढगाळ दिवस म्हणजे कृष्णधवलाचा दिवस, असं नवशिक्याला हमखास सांगितलं जातं. वास्तविक ढगाखालचा उजेड सपाट असतो, सावल्या पडत नाहीत, आणि कृष्णधवलाला लागणारा काळ्या-पांढऱ्याचा ताण मिळत नाही; फोटो पाणचट होतो. उलट त्याच उजेडात रंग चमक सोडून खरे होतात. जुलैतल्या राखाडी मुंबईत झोपड्यांवरची निळी ताडपत्री, एखादी लाल बेस्ट बस, भिजलेल्या भिंतीवरचं हिरवं शेवाळ एवढेच तीन-चार रंग उरतात, आणि प्रत्येकाला जागा मिळते. न्यूयॉर्कच्या सॉल लायटरने बर्फ, वाफ धरलेली काच आणि एखादी लाल छत्री यांवर अख्खं काम उभं केलं. रंगीत म्हणजे रंगीबेरंगी नव्हे, हे बरसान्याच्या होळीकडे धावणाऱ्या कॅमेऱ्यांच्या लोंढ्याला कुणीतरी सांगायला हवं. कृष्णधवलाचा खरा हंगाम वैशाखाचा: भर दुपारी पेठेतल्या वाड्याची सावली रस्त्यावर चाकूने कापल्यासारखी पडते आणि त्या सीमारेषेवरून माणसं ये-जा करतात. तिथे सदरा कुठल्या रंगाचा, हा प्रश्नच गौण.

आता वादाचा दुसरा भाग: हे आधी का ठरवायचं? आजचा डिजिटल सेन्सर प्रत्येक बिंदूवर लाल, हिरव्या किंवा निळ्या गाळणीतून उजेड मोजतो आणि रॉ फाइलमध्ये सगळे रंग साठवून ठेवतो. मग घरी येऊन निवांत ठरवलं तर बिघडलं कुठे? शिवाय रस्त्यावर क्षण अर्ध्या सेकंदाचा. तेव्हा कुठे तात्त्विक चर्चा करत बसायचं? हरकत वजनदार आहे, आणि ‘जुने लोक तसं करायचे’ हे तिला उत्तर नव्हे. उत्तर वेगळं आहे. अर्ध्या सेकंदात ठरवता येत नाही म्हणूनच ते घरून निघताना ठरवलेलं असावं लागतं. डोळ्याला एका वेळी एकच शिकार साधते. रंग शोधणारा डोळा केळेवाल्याची पिवळी गाडी आणि मागची पिवळी पाटी एका रेषेत येण्याची वाट पाहत थांबतो. उजेड शोधणारा डोळा त्याच कोपऱ्यावर सावलीतून उन्हात येणाऱ्या चेहऱ्याची वाट पाहतो. दोघे एकाच चौकात दोन वेगळ्या जागी उभे राहतात आणि दोन वेगळ्या क्षणी बटण दाबतात. ज्याने काहीच ठरवलेलं नाही तो तिसरीकडेच उभा असतो, आणि त्याचे फोटो रंगीत असताना विस्कळीत दिसतात म्हणून तो ते कृष्णधवल करतो. हे बदलणं म्हणजे निवड नव्हे, डागडुजी आहे. लाल लुगडं आणि त्यामागचं हिरवं शेत रंगात किती ठसठशीत, पण बऱ्याचदा दोन्ही एकाच राखाडीत विरतात. मग स्लायडर ओढून ओढून लुगडं वेगळं काढावं लागतं. ज्याने पहिल्यापासून उजेडच पाहिला असता, त्याने ते लुगडं त्या शेतापुढे टिपलंच नसतं.

त्या स्लायडरांबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती आपल्याकडे विशेष महत्त्वाची. आपल्या कातडीत लाल-नारिंगी छटा भरपूर असतात. रूपांतर करताना नारिंगी वर नेला की सावळा माणूस गोरा होतो. खाली आणला की तोच माणूस राकट, भेगाळलेला, ‘भारतीय शेतकरी’ किंवा ‘साधू’ होतो. प्रदर्शनांतून दिसणारे कितीतरी सुरकुतलेले म्हातारे या एका स्लायडरची करणी असतात. त्या माणसाचा वर्ण काय होता, हे ठरवण्याचा अधिकार छायाचित्रकाराला कुणी दिला? रंगीत फोटोतही हात चलाखी करतो, पण तिथे ती लगेच डोळ्यांत भरते. कृष्णधवलात ती कला म्हणून खपून जाते. लायकाने 2012 मध्ये रंगांची गाळणी काढून टाकलेला, फक्त कृष्णधवल टिपणारा कॅमेरा बाजारात आणला तेव्हा अनेकांनी त्याला श्रीमंतांचं खेळणं म्हटलं. किमतीकडे पाहता ते चूक नव्हतं. पण घरी गेल्यावर मत बदलू न देणारं यंत्र ही कल्पना हास्यास्पद नाही. त्याशिवाय चालतं, साध्या डिजिटल कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर कृष्णधवल ठेवून बाहेर पडलं तरी पुरतं, किंवा जुन्या चित्रकारांसारखे डोळे बारीक करून पाहिलं तरी.

पुढच्या पानांत दोन्ही प्रकारची छायाचित्रं मिसळून लावलेली आहेत. रंगीत वेगळी आणि कृष्णधवल वेगळी असे विभाग मुद्दाम पाडलेले नाहीत. वाचकाने एवढंच करावं. रंगीत चित्रापाशी थांबून त्यातला एखादा रंग बोटाने झाकून पाहावा. चित्र कोसळलं तर रंग कामाचा होता. कृष्णधवल चित्रापाशी थांबून इथे कोणते रंग असतील याचा अंदाज करावा, आणि ते परत आणले तर काय बिघडेल ते पाहावं. काहीच बिघडत नसेल तर ते चित्र विनाकारण कृष्णधवल झालेलं आहे. तशी दोन-चार चित्रं या पुस्तकातही आहेत.